पाचाच्या जागी तीन

फेब्रुवारी सरत आला की सांगलीच्या हवेला रंग चढतो. मार्केट यार्डात हळदीची पोती फुटतात, सौदे सुरू होतात, आणि मग महिना-दोन महिने त्या भागातली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी पिवळी असते. हमालांच्या पापण्या, चहाच्या गाड्यावरच्या बशा, रिक्षांची टपं, भिंतीला टेकवलेल्या सायकलींच्या सीटा. साताऱ्याहून पहिल्यांदा इथं शिकायला आले तेव्हा मला वाटायचं, गावात कुणाचं तरी लग्न आहे आणि ते संपतच नाही. यंदा पुन्हा त्याच दिवसांत सांगलीला जाणं झालं. आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. स्टँडवर उतरून रिक्षानं यार्डाजवळ आले, वाऱ्याची झुळूक आली, आणि त्या वासासरशी घशाशी जे आलं त्याला आठवण म्हणायला मी तयार नाही. आठवणीला थोडा तरी गोडवा असतो. हे नुसतं कडू होतं. कच्ची हळद जिभेवर ठेवावी तसं.

अठ्ठ्याण्णव सालची ती हळद. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. मी आणि प्रमिला कांबळे, यार्डाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत भाड्यानं राहायचो. तिला सगळे पमा म्हणायचे. ती आष्ट्याची. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं घर, शिक्षण सोडून दुसरी इस्टेट नसते असं मानणारं. पमा बोलायला लागली की सुरुवातीला मला हसू यायचं, कारण आमच्याकडं मुली ‘मी येते’ म्हणतात आणि तिच्याकडच्या मुली ‘मी येतो’. ‘मी येतो गं, तू हो पुढं,’ असं ती जिन्यावरून म्हणायची, आणि जिना उतरताना एक हात कायम भिंतीला लावलेला असायचा. भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीवर एक मळकट पट्टाच उमटला होता. मला ती सवय वाटायची.

वर्गात तिला शिष्ट म्हणायचे. समोरून आलेल्याशी ती भरभरून बोलायची, पण बाजूनं कुणी हात केला, हाक न मारता नुसतं हसलं, तर ती सरळ पुढं निघून जायची. कुणी पुढं केलेलं भडंगाचं पुडकं तसंच हवेत राहायचं. मग मागून शेरे यायचे. एवढी हुशार झाली म्हणून काय झालं, ओळख दाखवायला काय जातंय? त्या शेऱ्यांमध्ये कधी कधी तिच्या आडनावाचाही उल्लेख असायचा, हलक्या आवाजात. तो तिला ऐकू यायचा. कान तिचे शाबूत होते.

त्या वर्षी आमच्या विभागाला नवी संगणक प्रयोगशाळा मिळणार होती. विभागप्रमुखांना आम्ही हेडसर म्हणायचो. त्यांनी ठरवलं होतं की सगळ्या मशीनवर लिनक्स घालायचं, म्हणजे मशीन ज्याच्यावर चालतं ती मूळ प्रणाली. फुकट मिळतं हे एक कारण, आणि पुण्याकडच्या कॉलेजांमध्ये त्याची चर्चा सुरू झाली होती हे दुसरं. अडचण एवढीच होती की लिनक्स म्हणजे दुकानातून आणावी अशी एक वस्तू नव्हती. गाभा एकच, पण जगभरातल्या वेगवेगळ्या लोकांनी त्याच्याभोवती आपापला संसार मांडलेला. कुणी भांडी मोजकी ठेवलेली, कुणी घर सजवून दिलेलं. त्यातलं आपल्याकडं कुठलं आणायचं, हे ठरवण्याचं काम हेडसरांनी तिघांवर सोपवलं. मी, पमा आणि अभिजित. अभिजित इस्लामपूरचा, बोलायला गोड, कुणाच्याही दुचाकीला धक्का मारायला पहिला धावणारा. जो चांगलं काम करील त्याला परीक्षेनंतर प्रयोगशाळेवर नेमून घेऊ, असं हेडसर आमच्यासमोर म्हणाले होते. पमानं ते वाक्य त्याच दिवशी आष्ट्याला फोन करून गुरुजींना सांगितलं. शेजारच्या दुकानातून तिचा आवाज मला ऐकू येत होता. कॉलेजात नोकरी, असं ती दोनदा म्हणाली.

तिघांनी सीडीच्या तीन चकत्या जमवल्या. लाल टोपीचं चिन्ह असलेली आवृत्ती अभिजितला एका मासिकासोबत मिळाली. मशीन सुरू झालं की रंगीत पडदा, खिडक्या, चित्रं, आणि माउसनं हवं तिथं टिचकी मारायची. स्लॅकवेअर नावाची दुसरी पमानं पुण्यातल्या एका सीनियरकडून मागवली. ती सुरू झाली की काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, खाली लुकलुकणारी एक रेघ, बस्स. पुढचं तुम्ही टाइप करायचं. तिसरी, डेबियन, माझी. कुणी पगारी नोकर नसताना, देशोदेशीच्या माणसांनी आपल्या सवडीनं मिळून ती बांधली होती, आणि ही कायम सर्वांसाठी मोकळी राहील असं वचन तिच्यासोबत लिहून दिलेलं होतं. वय एकवीस. अशा वचनावर जीव जडतो.

जुन्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातलं एक मोडकळीला आलेलं मशीन आम्हाला दिलं होतं. दुपारचा उकाडा, वर गरगरणारा पंखा, खिडकीतून येणारी हळदीची धूळ. ती धूळ मशीन सुरू करायच्या फ्लॉपीत जायची आणि मशीन मध्येच रुसायचं. मग पमा फ्लॉपी बाहेर काढायची, ओढणीच्या टोकानं पुसायची, फुंकर मारायची आणि पुन्हा आत सारायची. एक आवृत्ती घालायची, चार दिवस वापरायची, पुसायची, दुसरी घालायची. आज हे सांगताना कंटाळवाणं वाटेल, पण त्या दिवसांइतकं सुख मला नंतर कुठल्या कामात मिळालं नाही. पमाची बोटं कीबोर्डवर अशी चालायची की बघत राहावं. ती पडद्याकडं बघतच नाही असं वाटायचं. बघायची, पण एकाच जागी. जिथं ती रेघ लुकलुकत असेल तिथं.

अभिजितची आवृत्ती घातली की मात्र तिचा चेहरा बदलायचा. माउस हातात धरून ती पडद्यावर तो बाण शोधायची. डोकं इकडून तिकडं, वरून खाली, जमिनीवर सांडलेला मणी शोधावा तसं. मग वैतागून माउस माझ्याकडं सरकवायची. मला वाटायचं, हट्ट आहे.

शिवरात्रीला जोडून सुट्टी होती. मी पमाला साताऱ्याला घरी नेलं. माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आई गेल्यापासून घरातलं सगळं शिस्तीनं तेच बघायचे. पमा आली म्हणून त्यांनी स्वतः कंदी पेढे आणून ठेवले. संध्याकाळी आम्ही अंगणात बोलत बसलो होतो. दिवेलागणीला वडिलांनी तिला आत बोलावलं, ती उठली, आणि अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या पितळी बादलीवर जाऊन आदळली. बादली काही लहान नव्हती. मी हसले. तीही हसली. वडील हसले नाहीत.

ती आत गेल्यावर ते मला म्हणाले, ‘पोरीला अंधार पडला की दिसत नाही.’

मी म्हटलं, धांदरट आहे ती थोडी.

‘नाही. आमच्या पलटणीत एक जवान होता असाच. रात्रीच्या ड्यूटीला घाबरतो म्हणून सगळे त्याला भित्रा म्हणायचे. तो भित्रा नव्हता. त्याला दिसायचं नाही आणि सांगायची लाज वाटायची. तू तिला विचार. पण नीट विचार.’

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हात केस वाळवताना, मी नीट विचारलं. पमानं ओले केस मागं सारले. मग तिनं सांगितलं. दहावीत असताना मिरजेच्या डॉक्टरांनी गुरुजींना सांगितलं होतं की हिची नजर कडांकडून आत आत आटत जाणार. औषध नाही. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. आत्ताच तिला नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. समोरचं स्वच्छ, आजूबाजूला काही नाही. वर्गातल्या कुणाला हे माहीत नव्हतं आणि तिला माहीत करूनही द्यायचं नव्हतं. शिष्ट म्हटलेलं चालेल, असं ती म्हणाली.

आणि मग ती त्या काळ्या पडद्याबद्दल बोलली. तिच्या बोलण्यात एवढा जोर मी आधी ऐकला नव्हता. ‘त्या पडद्यावर कुठं बघायचं ते मला ठाव असतंय. रेघ असती तिथंच उत्तर येतंय. जागचं हलत न्हाई. आणि उद्या ही नळीबी बुजली तरी बोटांना सगळं पाठ हाय. त्या चित्रात मी हरवतो गं. बाण शोधण्यातच माझा जीव जातोय. मला काय तुमच्यापेक्षा कमी येतंय का?’

तिला आमच्यापेक्षा जास्त येत होतं.

सांगलीला परतलो आणि तिघांची बैठक बसली. निर्णय द्यायचा होता. मी डेबियन सोडून देऊन पमाच्या बाजूनं उभी राहिले. कारण मात्र दुसरंच सांगितलं, शिकणाऱ्याला मुळापासून यायला हवं वगैरे. अभिजितनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. उद्घाटनाला संस्थेची मोठी माणसं येणार, पुण्याहून पाहुणे येणार. त्यांना काळा पडदा दाखवून काय सांगणार? लोकांना काहीतरी दिसायला पाहिजे.

‘दिसायला म्हंजे कुणाला?’ पमानं विचारलं.

अभिजित गोंधळला. सगळ्यांनाच, असं काहीसं तो म्हणाला. आणि मग पमानं जे केलं त्यानं मीच चकित झाले. तिनं तिचा हट्ट सोडून दिला. अभिजितचीच आवृत्ती घ्या म्हणाली. तिचा नुसता एक आग्रह होता. त्या आवृत्तीतही काळा पडदा असतोच, फक्त मागं लपवलेला असतो. मशीन सुरू होताना चित्र आणायचं की अक्षरं आणायची, हे एका ओळीतल्या एका आकड्यावर ठरतं. पाच लिहिलं तर चित्र, तीन लिहिलं तर अक्षरं. शेवटच्या एका मशीनवर पाचाच्या जागी तीन लिहू द्या, बाकी सगळी तुमची. अभिजितला यात काहीच अवघड वाटलं नाही. तो लगेच हो म्हणाला. तिनं त्याच दुपारी ते मशीन तसं करून टाकलं. ते करायला तिला एक मिनिटही लागलं नसेल.

एवढ्यावर सगळं मिटलं असं मला वाटलं. महिनाभर आम्ही तीन आवृत्त्यांवरून भांडलो होतो, आणि तिढा एका आकड्यानं सुटला होता. आपण किती शहाणे, असं वाटून त्या संध्याकाळी आम्ही दोघी भाजीबाजारातून चालत पार नदीच्या पुलापर्यंत गेलो. उजेड होता तोवर. नंतर तिनं माझा दंड धरला, आणि आता तो उघडपणे धरता येत होता म्हणून ती मोकळी हसली.

पाडव्याच्या आधी उद्घाटन झालं. आदल्या दिवशी हेडसर फेरी मारायला आले तेव्हा रांगेत एकच मशीन काळं बघून त्यांचं कपाळ आखडलं. अभिजितला म्हणाले, हे एकसारखं दिसलं पाहिजे. अभिजितनं तीन पुसून पुन्हा पाच लिहिलं. आम्हाला सांगायचं तो विसरला, असं तो नंतर म्हणाला. विसरलाही असेल.

उद्घाटनाला फुलांच्या माळा, नारळ, फोटोग्राफर. पाहुणे येण्याच्या जरा आधी हेडसरांनी पमाला पहिल्याच मशीनवर बसायला सांगितलं. मुलगी पुढं बसलेली चांगली दिसते, फोटोत येते, हे त्यांचं कारण. ती शेवटच्या मशीनकडं जायला निघाली होती, तिला तिथून परत बोलावलं गेलं. तोवर शेवटचंही काळं राहिलेलं नव्हतं, हे तिला माहीत नव्हतं.

पाहुणे पुण्याचे, हसतमुख गृहस्थ. ते पमाच्या मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बेटा, तुमच्या विभागाची माहिती उघडून दाखव बघू. पडद्यावर रंगीत चित्रं होती. त्यातल्या एकावर टिचकी मारायची होती. पमानं माउस धरला. डोकं उजवीकडं, डावीकडं, वर. बाण सापडेना. मागची माणसं पुढं वाकून बघायला लागली. मी बाजूला उभी होते. मला बाण दिसत होता, खालच्या कोपऱ्यात. मी हळूच म्हटलं, खाली डावीकडं. हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. पमाच्या मानेवर घाम आला होता.

मग तिनं माउस सोडला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि तीन बटणं एकदम दाबली. चित्र गेलं. काळा पडदा आला. लपवलेला होता तो. तिचे खांदे खाली आले. बोटं चालली, आणि बघता बघता विभागाची सगळी माहिती पांढऱ्या अक्षरांत ओळीनं पडद्यावर उतरली. विचारलेलं तिनं दाखवलं होतं. माउसनं लागला असता त्याच्या निम्म्या वेळात.

‘अरे,’ पाहुणे म्हणाले, ‘हे तर बंद पडलं.’

कुणीतरी हसलं. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यानं मशीन नवीनच आहे ना, असं विचारलं. हेडसरांचा चेहरा लाल झाला. पमा सांगायला लागली की बंद पडलेलं नाही, हेच ते आहे, पण तिचा आवाज मागच्या गलक्यात पोचला नाही. अभिजित पुढं झाला, तिच्या खांद्यावरून वाकून त्यानं बटणं दाबली आणि चित्र परत आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. फोटो निघाला. त्या फोटोत पमा आहे, पण ती दुसरीकडंच कुठं तरी बघते आहे असं वाटतं.

दुपारी हेडसरांनी तिला खोलीत बोलावलं. मीही सोबत गेले. त्यांनी रागावून विचारलं तेव्हा पमानं सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, नळीचं, मिरजेच्या डॉक्टरांचं. नंतर ती म्हणाली, ‘सर, एक मशीन काळं राहू द्या. एवढंच. काम मी सगळं करतो, सगळ्या मशीनचं.’

हेडसरांचा राग क्षणात गेला. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ते कळवळले. एवढं दुखणं घेऊन तू इथपर्यंत आलीस, असं म्हणाले. मग तिच्याकडं न बघता मला समजावून सांगायला लागले की एका प्रयोगशाळेत एकच पद्धत हवी, एकाला वेगळं दिलं की उद्या दहा जण मागतील. मी म्हटलं, सर, एका आकड्याचा प्रश्न आहे. ते म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. कुठलं तत्त्व, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी मोडलेली नाही, हातात कापडी पिशवी. पिशवीत पमासाठी दशम्या होत्या. हेडसरांच्या खोलीत ते खुर्चीच्या टोकावर बसले. हेडसर त्यांच्याशी फार आदरानं बोलले. मुलगी रत्न आहे म्हणाले. आणि मग म्हणाले, ‘गुरुजी, तिचे डोळे सांभाळा. कॉम्प्युटरसमोर बसून उरलेली नजरही जाईल. पोरीच्या भल्यासाठी सांगतो.’

असं काही डॉक्टरांनी कधी सांगितलं नव्हतं. तिचं दुखणं रक्तातून आलेलं होतं, पडद्यातून नाही. पण कॉलेजचा एवढा मोठा माणूस, हात जोडून, भल्यासाठी सांगतो म्हणाला. गुरुजी बाहेर आले ते खचूनच. यार्डाच्या कडेनं आम्ही तिघं चालत होतो, पोत्यांवर पोती चढत होती, आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते की हे खरं नाही, हवं तर मिरजेला जाऊन विचारू. त्यांनी मान हलवली.

‘डॉक्टर नको म्हणाले न्हाईत. पर चालंल असंबी म्हणाले न्हाईत. पोरगी माझी हाय. मी जुगार कसा खेळू?’

पमानं त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. बापाशी भांडायला माणसाला बापाचा राग तरी यावा लागतो. गुरुजींचा राग कसा येणार? त्यांनी तिला सायकलवरून शाळेत नेलेलं, तिच्यासाठी फळ्यावर मोठी अक्षरं काढलेली. ते तिला वाचवत होते. हेडसरांनी एक वाक्य बोलून त्यांच्या मायेलाच कुलूप करून टाकलं, आणि किल्ली कुणाकडंच ठेवली नाही.

परीक्षा तिनं दिली. पहिल्या वर्गात पास झाली. प्रयोगशाळेवर अभिजितची नेमणूक झाली. मे महिन्यात आम्ही खोली सोडली. सांगलीच्या स्टँडवर आष्ट्याची गाडी लागली तेव्हा तिनं मला सामान चढवू दिलं नाही. एक हात दांड्याला, एक हात पिशवीला, ती स्वतः चढली. खिडकीशी बसल्यावर मी हात केला. मी बाजूला उभी होते. तिला दिसलं नाही. गाडी निघून गेली.

मी पुण्यात नोकरीला लागले. आणि पहिल्याच दिवशी मला जिथं नेलं तिथं थंडगार खोलीत मोठमोठी मशीन रांगेनं उभी होती, सगळी लिनक्सवर चालणारी, आणि एकाच्याही पडद्यावर चित्र नव्हतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, लुकलुकणारी रेघ. मी साहेबांना विचारलं, इथं माउस नसतो का? ते म्हणाले, खऱ्या कामाला कशाला लागतो? त्या रात्री मी जेवले नाही. हेडसरांनी पाहुण्यांपुढं जे लपवलं, ते साऱ्या जगाचा गाडा हाकत होतं. त्या खोलीत पमा डोळे मिटून काम करू शकली असती. अगदी खरोखर डोळे मिटून.

मी तिला कळवलं, ये म्हटलं, बोलून ठेवते म्हटलं. तोवर गुरुजींनी खटपट करून तिला अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ मिळवून दिला होता, आष्ट्याच्या स्टँडजवळ. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. पोरगी पायावर उभी राहिली म्हणायचे. इंजिनियर झालेली मुलगी लाकडी खोक्यात बसून लोकांचे नंबर फिरवत होती आणि गाव म्हणत होतं, बरं झालं, बसून काम मिळालं. बूथमधल्या यंत्राचे लाल आकडे तिला दिसत नव्हते. ती बोटांनी नंबर लावायची, कानानं वेळ ओळखायची. मग घराघरात मोबाइल आले आणि बूथला कुलूप लागलं. नजर त्याच्या आधीच गेली होती.

यंदाच्या मेळाव्यात अभिजितचं भाषण झालं. तो आता विभागप्रमुख आहे. केस पिकलेत, बोलणं तसंच गोड. मुक्त संगणक प्रणालीनं आपल्याला निवडीचं स्वातंत्र्य दिलं, असा विषय होता. इतक्या आवृत्त्या, ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी, कुणाची सक्ती नाही. लोकांनी वह्यांत टिपून घेतलं. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला, आपल्या वेळच्या गोष्टी काढल्या, आणि म्हणाला, आपल्याबरोबर एक हुशार मुलगी होती बघ, डोळ्यांचा काहीतरी त्रास होता तिला, काय बरं तिचं नाव? मी नाव सांगितलं नाही. आठव म्हटलं.

तिथून मी आष्ट्याला गेले. पमा भावाच्या घरी सोप्यात बसून शेंगा फोडत होती. मला तिनं पावलांवरून ओळखलं. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. अभिजितचं भाषण, हेडसरांची दया, त्या टाळ्या, ते तत्त्व. इतक्या वर्षांत मी काही विसरले नव्हते, आणि बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. आतून वहिनी डोकावून गेली. पमा शेंगा फोडत ऐकत होती. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात.

मी थांबल्यावर ती म्हणाली, ‘तू अजून एवढी चिडतीस?’

मी म्हटलं, तुला नाही येत राग?

तिनं सूप बाजूला सारलं. ‘येत हुता. लय वर्षं येत हुता. सकाळी उठलं की आधी तो उठायचा, मग मी. पर त्याला रोज जेवायला घालावं लागतंय बघ, आणि मला इथंच राहायचं हाय, ह्याच माणसांत. आता माझ्याच्यानं हुईत न्हाई.’ तिनं चाचपडत माझा हात शोधला, धरला. ‘पर तू सोडू नगं. माझ्या वाटणीचा तूच कर.’

म्हणून करते आहे.